मंडळाच्या क्रीडा स्पर्धेत मोबाईल गेम घ्यावा का?

पत्र : आमचं गणेशोत्सव मंडळ दर वर्षी कबड्डी आणि कॅरमच्या स्पर्धा भरवतं. यंदा तरुण कार्यकर्त्यांनी बीजीएमआयची (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, हा बंदुकांच्या लढाईचा मोबाईल गेम) स्पर्धा घ्यायचा हट्ट धरलाय. १६ संघ, संघामागे ४०० रुपये प्रवेश फी, पहिलं बक्षीस रोख १५ हजार, आणि पत्रकावर कबड्डी-कॅरमच्या बरोबरीने ‘क्रीडा स्पर्धा’ या मथळ्याखाली नाव. ज्येष्ठ सभासद विचारतात, मोबाईलवर बोटं फिरवणं हा काय खेळ झाला? पोरं म्हणतात, एशियन गेम्समध्ये पदक आहे, सरकारची मान्यता आहे. दोन बैठका यातच गेल्या. शाळेचा हॉल मिळतोय, ब्रॉडबँडची एक जोडणी मिळेल, २० हजार रुपये बाजूला काढलेत. काय करावं? आणि घ्यायची झाली तर यातलं तांत्रिक आम्हाला काही कळत नाही.
– सचिव, एक गणेशोत्सव मंडळ, कराड तालुका

सचिव महाशय,

स्पर्धा घ्या. पण पोरांनी आखलीय तशी घेऊ नका. फी रद्द करा, आणि १६ संघांचे ६४ जण एकाच वेळी हॉलमध्ये बसवायचा बेत सोडून द्या.

आधी वादाचं बघू. पोरांनी सांगितलेलं कागदोपत्री खरं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कामकाज वाटपाच्या नियमांत दुरुस्ती करून, बहुक्रीडा स्पर्धांचा भाग असलेले ई-स्पोर्ट्स (म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम) क्रीडा खात्याकडे दिले आणि बाकीचं ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे ठेवलं. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय होते. तिथे तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य जिंकलं, पण ते पदकतालिकेत धरलं गेलं नाही. पुढे हांगझोऊला, म्हणजे २०२३ मध्ये झालेल्या स्पर्धेत, सात गेम्सना रीतसर पदकं होती. भारताला तिथे एकही मिळालं नाही, हेही पोरांना सांगून ठेवा. २०२५ च्या बिहारमधल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतही ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय म्हणून होते.

ज्येष्ठांना घाम हवाय. तो निकष लावायचा तर पहिली काट मंडळाच्या कॅरमवर मारावी लागेल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारात सगळी कमाल शरीर हलू न देण्याची आहे. जकार्तालाच ब्रिज या पत्त्यांच्या खेळात पुरुष जोडीत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण आणलं, तेव्हा बर्धन साठीला पोचले होते. धावपळ किती, यावर खेळ ठरवायचा काळ कधीच मागे पडलाय.

आम्ही निकष दुसरा धरतो. पानपट्टीमागच्या टपरीत चालतो तो कॅरम आणि तुमच्या मंडपात चालतो तो कॅरम, दोन्हींत सोंगट्या त्याच. पण मंडपात पंच असतो, सगळ्यांना एकच बोर्ड आणि एकच पावडर असते, २५ गुण किंवा आठ बोर्ड हे आधी ठरलेलं असतं, आणि हरलेल्याला दाद मागायला जागा असते. एवढं उभं केलं की तो क्रीडा प्रकार होतो. मोबाईल गेमलाही हेच लागू. घरी गादीवर लोळत, कोण कुठल्या यंत्रावर खेळतोय हे कुणाला न दिसता चाललेला गेम म्हणजे टाइमपास. तोच एका छताखाली, सारख्या साधनांवर, पंचासमोर खेळला गेला, तर पत्रकावर कबड्डीशेजारी बसवायला आमची हरकत नाही. म्हणजे प्रश्न पोरांच्या अंगावर आला: एवढी शिस्त उभी करायची तयारी आहे का?

ज्येष्ठांची एक बाजू मात्र पक्की आहे, फक्त ती त्यांनी मांडलेली नाही. कबड्डीचा मालक कुणी नाही. तेरा बाय दहाचं मैदान आखलं की झालं, परवानगीला कुणाच्या दारात जावं लागत नाही. बीजीएमआयची मालक क्राफ्टन ही कंपनी आहे. कंपनीने अपडेट टाकलं की एखाद्या बंदुकीची ताकद रातोरात कमी होते आणि खेळाडूने सहा महिने घोटवलेला हात वाया जातो. याच गेमचा आधीचा अवतार, पबजी मोबाईल, २ सप्टेंबर २०२० ला भारतात बंद झाला. बीजीएमआय २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. दहा महिने हा ‘खेळ’ नवा मोबाईल घेणाऱ्याला मिळतच नव्हता. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचीही हीच तारांबळ आहे. जुलै २०२४ मध्ये ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स गेम्स ठरवले, सौदी अरेबियाशी बारा वर्षांचा करार केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो मोडला. म्हणून मंडळाने फिरता चषक एखाद्या गेमच्या नावाने करू नये. ‘ई-स्पोर्ट्स चषक’ म्हणा. पुढच्या वर्षी गेम बदलावा लागला तरी चषक राहील.

आता फी. बेतातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ त्यात बंद केलाय आणि तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्सना सूट आहे, स्पर्धेची प्रवेश फीही चालते, पण ती मान्यता आणि नोंदणी असलेल्या ई-स्पोर्ट्सना. गावच्या हॉलमध्ये फी गोळा करून त्यातून रोख बक्षीस देणारं मंडळ या सुटीत बसतं, असं आम्ही तरी लिहून देणार नाही. सोळा चोक चौसष्ट, म्हणजे ६,४०० रुपयांसाठी ही कटकट ओढवून घेऊ नका. नावनोंदणी मोफत ठेवा आणि बक्षीस वर्गणीतून किंवा गावातल्या दुकानदाराकडून घ्या. रोख देण्याऐवजी ढाल आणि वस्तू द्या: इयरफोन, पॉवर बँक, कबड्डीवाल्यांना देता तशी किट बॅग. रोखच द्यायची म्हणाल तर दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर टीडीएस कापायचा प्रश्न येतो, त्यासाठी मंडळाचा हिशेब बघणाऱ्या सीएंना आधी विचारा. प्रेक्षकांत ‘याच्यावर पाचशे’ असं सुरू झालं तर तो सरळ जुगार आहे. माईकवरून बजावा, ऐकलं नाही तर सामना थांबवा.

तांत्रिक बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण बेत खरा तिथेच बुडेल.

पोरांच्या डोक्यात गेममधला एरँगल हा मोठा नकाशा आहे: आठ बाय आठ किलोमीटर, एकेक सामना अर्ध्या तासाचा. १६ संघ म्हणजे ६४ फोन. घरगुती राउटरवर एका वेळी पंधरा-वीस फोन गेम खेळू लागले की तो दमतो. गेमला डेटा फार लागत नाही. पण प्रत्येक फोन सेकंदाला अनेकदा छोटे निरोप पाठवतो आणि वायफायवर एका क्षणी एकालाच बोलता येतं. रांग वाढली की पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, चढतो. ५०-६० मिलिसेकंदांपर्यंत कुणाला काही जाणवत नाही. शंभराच्या पुढे गेलं की आडोशामागे पोचलेला खेळाडूही मरतो आणि मग भांडण. ‘आपापलं सिम वापरा’ म्हणाल, तर मिरवणुकीच्या दिवसांत गावच्या टॉवरचा काय हाल असतो ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय ६४ जण एकाच हॉलमध्ये ‘उजवीकडे, उजवीकडे’ ओरडणार. शेजारच्या संघाला फुकट बातमी.

आणखी एक पेच. २०२३ मध्ये परतताना बीजीएमआयने १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. अर्ध्या तासाचे सहा सामने ठेवले आणि पोरगा सकाळी घरी सरावाला बसला, तर शेवटच्या सामन्यात त्याचं खातं बंद पडणार. यात पंचही काही करू शकत नाही.

म्हणून त्याच गेममधला टीडीएम (टीम डेथमॅच) हा छोटा प्रकार घ्या. चार विरुद्ध चार, वेअरहाउसचा छोटा नकाशा, आधी ४० बळी घेणारा संघ जिंकतो, नाहीतर दहा मिनिटांत ज्याचे जास्त तो. बाद फेरीत १६ संघांचे १५ सामने होतात. रूम (गेममधला फक्त आपल्या खेळाडूंचा खासगी सामना) उघडणं, आठ जणांना आत घेणं आणि निकाल लिहिणं धरून सामन्याला २० मिनिटं लावा. पाच तासांत स्पर्धा संपते. एका वेळी फोन फक्त आठ, तेवढे तुमची एक जोडणी सहज पेलते. अंतिम फेरी गाठणारा संघही चारच सामने खेळतो, त्यामुळे तीन तासांची भीती नाही. आणि ज्येष्ठांनाही कोण जिंकतंय ते कळतं, कारण पडद्यावर कबड्डीसारखेच दोन आकडे पुढेमागे होत असतात.

राउटर हॉलच्या मधोमध, डोक्याच्या वर ठेवा. फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत आणि प्रेक्षकांचे हॉटस्पॉट ते भरून टाकतात. स्पर्धेच्या सकाळी पासवर्ड बदला आणि खेळाडूंशिवाय कुणालाही देऊ नका, अध्यक्षांच्या पुतण्यालाही नाही. गेमचं अपडेट आणि नकाशांचं डाउनलोड आदल्या रात्री घरी करून यायचं, हे पत्रकातच छापा. हे न छापल्यास पहिला सामना तासभर उशिरा सुरू होणार हे नक्की.

फोन आपला आपण आणायचा, पण टॅबलेट चालणार नाही. आयपॅडचा पडदा फोनपेक्षा चौकोनी असल्यामुळे वर-खालचं जास्त दिसतं. ट्रिगर, म्हणजे फोनला चिमट्यासारखी लावायची बटणं, बंद. इयरफोन वायरचे, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि पावलांच्या चाहुलीवर खेळणाऱ्याचं नुकसान होतं. विमान मोड लावून फक्त वायफाय सुरू करायचं. नाहीतर ऐन मोक्यावर आईचा ‘जेवायला ये’ म्हणून फोन येतो आणि गेम मागे जातो. चार्जिंगला लावून खेळू देऊ नका. सप्टेंबरच्या उकाड्यात फोन तापतो, तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो आणि पडदा अडखळतो. ८० टक्क्यांच्या वर चार्ज असेल तरच टेबलावर बसायचं. पंखा माणसाकडे असतो तसा टेबलाकडेही वळवा.

दोन संघांची टेबलं समोरासमोर ठेवा, पाठीला पाठ नको. म्हणजे कुणाला कुणाचा पडदा दिसत नाही. प्रत्येक टेबलामागे एक पंच उभा राहील, तो त्या संघाच्या गावचा किंवा नात्यातला नसावा. रूमचा आयडी आणि पासवर्ड एका पंचाच्या हाती राहील. निकालाच्या पडद्याचा फोटो दोन गुणलेखकांनी आपापल्या फोनवर काढायचा. जोडणी तुटली तर काय, हे नाणेफेकीच्या आधी वाचून दाखवा. आमची सूचना अशी: पहिल्या दोन मिनिटांत तुटली तर सामना नव्याने, त्यानंतर एकाच खेळाडूची तुटली तर सामना चालू राहील, दोन किंवा जास्त जणांची एकदम तुटली तर चूक हॉलच्या जाळ्याची धरून पुन्हा. हा नियम लेखी नसेल तर हरणाऱ्या प्रत्येक संघाचं नेट ‘तुटतं’.

एवढं सांगूनही आमचा कौल विचाराल तर पहिल्या वर्षी फुटबॉलचा गेम घ्या, कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर), एकास एक. शाळेच्या हॉलमध्ये बंदुकांचा आवाज घुमणार हे मुख्याध्यापकांना पटवायची वेळ येत नाही, ज्येष्ठांना नियम समजावून द्यावे लागत नाहीत, आणि दोघे एकाच यंत्रावर खेळत असल्यामुळे इंटरनेटचीही गरज नाही. साधनांची समानता तर आपोआप येते: एकच टीव्ही, एकसारखे दोन कंट्रोलर. कन्सोल शहरात दिवसाच्या भाड्याने मिळतात, दोन आणा. पाच मिनिटांचा अर्ध, असे दोन अर्ध, आणि अदलाबदल धरून सामन्याला पंधरा मिनिटं लागतात. ३२ खेळाडूंचे ३१ सामने दोन कन्सोलवर साधारण चार तासांत उरकतात, अंतिम सामना एकट्याचा धरूनही. बरोबरी झाली तर पेनल्टी त्यात आहेच. त्या सामन्यांसाठी वर अर्धा तास मोकळा ठेवा.

यात घोळ होतात ते संघ निवडताना. एकाने तगडा क्लब घेतला आणि दुसऱ्याने आवडीपोटी कमकुवत देश, की निकाल आधीच लागला. गेममध्ये संघांना ताकदीप्रमाणे तारे दिलेले असतात; समान ताऱ्यांचे आठ संघ ठरवून चिठ्ठ्या टाका. सामन्याचा वेळ, हवामान, कॅमेरा सगळं एकदा लावून कागदावर लिहा आणि दर सामन्याआधी पंचाने ताडून बघावं. कंट्रोलर वायरने जोडा, म्हणजे बॅटरी संपायची नाही आणि ‘माझं बटण चाललं नाही’ ही तक्रार निम्मी होते.

टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू करायला विसरू नका. टीव्ही चित्र देखणं करायच्या नादात ते काही क्षण अडकवून ठेवतो. बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो तो त्यामुळे. प्रोजेक्टर किंवा मिरवणुकीतल्या एलईडी भिंतीवर हे जास्तच होतं. खेळाडूंनी टीव्हीवरच खेळावं, आणि एचडीएमआय स्प्लिटर लावून तेच चित्र प्रेक्षकांच्या पडद्याला द्यावं. त्या पडद्याची केबल दहा मीटरच्या पुढे जात असेल तर साधी चालत नाही, चित्र लुकलुकतं; फायबरची केबल भाड्याने मागा. वीज गेली तर कन्सोलवरचा सामना पुसला जातो. जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंतचे काही सेकंद पुरे असतात, म्हणून कन्सोल आणि टीव्ही संगणकाच्या यूपीएसवर घ्या. तरीही गेलीच तर तेव्हाचा गोलफलक कायम धरून उरलेली मिनिटं नव्या सामन्यात खेळवा आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज करा.

प्रमाणपत्रांबद्दल दोन शब्द. पत्रकावर ‘राज्यस्तरीय भव्य’ छापायचा मोह होईल, तो आवरा. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण अधिकृत स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मिळतं, मंडळाच्या कागदावर नाही, मग तो गेमिंगचा असो की कबड्डीचा. पोरांच्या पालकांना हे नावनोंदणीच्या वेळीच सांगा. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात होऊन गेलीत, त्या वाऱ्यालाही मंडळाने उभं राहू नये. १८ च्या आतल्या प्रत्येकाकडून पालकांच्या सहीचं संमतिपत्र घ्या आणि गेमच्या नियमावलीतली किमान वयाची अट बघून तीच तुमच्या पत्रकात घाला.

मोठे गेम बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांची बाहेरच्या आयोजकांसाठी नियमावली असते. बक्षीस, प्रायोजक, तिकीट आणि गेमचं चिन्ह पत्रकावर छापणं, यांवर त्यात अटी असतात. ती संकेतस्थळावरून काढा, आणि स्पर्धेचं नाव, तारीख, खेळाडूंची संख्या, बक्षीस आणि ‘प्रवेश मोफत’ एवढं लिहून कंपनीला ईमेल करा. गणपतीच्या किमान सहा आठवडे आधी पाठवा. लेखी उत्तर आलं नाही तर गेमचं चिन्ह वापरू नका आणि दुकानदाराचा फलक स्पर्धेच्या नावाला न जोडता हॉलच्या दारावर लावा. पत्रक छापायला त्यानंतरच टाका.